टोकन परत आले का?

बँकेत पूर्वी टोकन नावाची एक वस्तू असे. पितळेची, रुपयाहून थोडी मोठी चकती आणि तिच्यावर कोरलेला आकडा. खातेदाराने काउंटरवर चेक दिला की कारकून त्याच्या हाती एक टोकन ठेवी आणि तोच आकडा चेकच्या पाठीवर लिही. चेक लेजरकडे जाई, तिथून सही ताडून पाहायला अधिकाऱ्याकडे, आणि मग शिपायाच्या हातून कॅशियरच्या पिंजऱ्यात. तोवर खातेदार बाकावर बसून टोकन बोटांत फिरवीत असे. आकडा पुकारला गेला की टोकन द्यायचे आणि पैसे घ्यायचे. संध्याकाळी रोकड जुळली की हेडकॅशियर टोकने मोजायला घेत. शंभर तर शंभर. मगच पेटीला कुलूप.

मी नोकरीला नवा असताना एका संध्याकाळी टोकने नव्याण्णवच भरली. सदतीस नंबर गायब होता. रोकड पैशापैशाने जुळली होती आणि मला घरी जायची घाई होती. मी म्हटले, "एका टोकनाचं काय एवढं? उद्या सापडेल." हेडकॅशियर वयाने माझ्या वडिलांएवढे. चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "साहेब, पैसे जुळले म्हणजे टोकन जुळलं असं होत नाही. उद्या हेच टोकन दाखवून कुणी दुसऱ्याचे पैसे नेले म्हणजे?"

आम्ही दिवसभराचे चेक उलटे करून पाठीवरचे आकडे तपासले. ज्यांना पैसे दिले त्या साऱ्यांची टोकने परत आलेली. मग हेडकॅशियरनी न वटता परत केलेल्या चेकचे रजिस्टर मागवले, आणि गाठ तिथे सुटली. एका निवृत्त शिक्षकांची सही जुळली नव्हती. काउंटरवर वादावादी झाली, चेक त्यांना परत दिला, आणि मास्तर रागाने टोकन खिशात घालूनच घरी गेले. पैसे दिले तर टोकन घ्यायचे, हे आम्हा सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. पैसे दिले नाहीत तर टोकन घ्यायचे, हे मात्र त्या दिवशी कुणालाच सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते स्वतःच आणून दिले.

हे सगळे आठवायला निमित्त झाले माझ्या भाचीचे. ती पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. एका मोठ्या इस्पितळाचे रुग्णांना तपासणीचे रिपोर्ट इंटरनेटवरून दाखवणारे जे काम आहे, ते तिच्या गटाकडे असते. आपण मोबाइलवर नंबर टाकतो आणि रक्ततपासणीचा कागद समोर येतो, त्यामागे कुठेतरी एक संगणक अखंड जागा असतो. त्याला वेब सर्व्हर म्हणतात. एका रात्री अकराला तिचा फोन आला. "मामा, झोपला नाहीत ना? आमचा सर्व्हर गळतोय." मला वाटले, एअर कंडिशनरचे पाणी पडत असावे.

गळत होती ती मेमरी. तिच्या धंद्यात याला 'मेमरी लीक' म्हणतात. कल्पना अगदी साधी आहे. कुणी रिपोर्ट मागितला की सर्व्हरवरची आज्ञावली संगणकाच्या मेमरीतली थोडी जागा मागून घेते. त्या जागेत रिपोर्ट मांडते, तो पाठवून देते, आणि जागा परत करते. दिवसातून हजारो वेळा हीच देवघेव चालते. एखाद्या वेळी जागा परत करायची राहिली तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण दरवेळी थोडी थोडी राहू लागली तर मोकळी जागा आक्रसत जाते, काम मंदावते, आणि एक दिवस सर्व्हर मान टाकतो. 'गळती' हा शब्द खरे तर फसवा आहे. मडक्यातले पाणी गळून बाहेर जाते. इथे बाहेर काहीच जात नाही. लॉजमधली गिऱ्हाइके निघून गेली, पण खोल्यांच्या किल्ल्या काउंटरवर आल्याच नाहीत, असा हा प्रकार आहे. खोल्या रिकाम्याच असतात, पण द्यायला एकही उरत नाही.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झालेल्या 'सी' भाषेत ही जागा मागणे आणि परत करणे, दोन्ही जबाबदाऱ्या आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच डोक्यावर होत्या. विसरला तर गळती. त्याआधीच जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने आपल्या 'लिस्प' भाषेसाठी वेगळी तोड काढली होती आणि १९६०मध्ये ती प्रसिद्धही केली होती. कोणती जागा आता कुणाच्याच कामाची नाही हे यंत्रानेच शोधावे आणि ती झाडून मोकळी करावी, अशी ती तोड. तिला 'गार्बेज कलेक्शन' म्हणजे चक्क केरकचरा गोळा करणे असेच नाव पडले. १९९५मध्ये आलेल्या 'जावा' भाषेने ती घरोघरी नेली. तेव्हा पुष्कळांना वाटले की गळतीचा प्रश्न संपला.

तो संपला नाही, कारण ही व्यवस्था आपल्याकडच्या घंटागाडीसारखी आहे. घंटागाडी दाराबाहेर ठेवलेला कचरा नेते. घरात शिरून माळ्यावरची रद्दी उचलत नाही. कुठल्यातरी यादीत एखाद्या वस्तूचे नाव शिल्लक असेल, तर यंत्र समजते की ती कुणाला तरी हवी आहे, आणि तिला हात लावत नाही. रिपोर्ट पाहून माणूस निघून गेला, पण यादीत त्याचे नाव तसेच राहिले, की झाली गळती.

एवढ्याशा गोष्टीने किती अनर्थ ओढवू शकतो, याचा एक दाखला चौकशी अहवालातच नोंदलेला आहे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ला गाड्या पाठवण्याचे काम नव्या संगणक प्रणालीवर नेले. पहिल्याच दोन दिवसांत इतर कारणांनी मोठा गोंधळ उडाला आणि निम्मे काम पुन्हा हाताने सुरू झाले. त्यानंतर गाडे जरा रुळावर आले, असे वाटत असतानाच ४ नोव्हेंबरला पहाटे दोननंतर प्रणाली मंदावली आणि थोड्याच वेळात ठप्प झाली. कर्मचाऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे ती बंद करून पुन्हा चालू केली; उपयोग झाला नाही. मदतीला ठेवलेल्या दुसऱ्या सर्व्हरने भार उचलायला हवा होता, पण त्या वेळच्या अर्धवट मांडणीत ती सोय बसवलेलीच नव्हती. शेवटी फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून, एकही हाक राहिलेली नाही याची खात्री करून, लोक कागद-पेन्सिलीवर आले.

चौकशी अहवाल फेब्रुवारी १९९३मध्ये आला. एका प्रोग्रामरने तीन आठवड्यांपूर्वी प्रणालीत काही काम करताना नकळत एक चूक ठेवली होती. गाडी पाठवण्याची प्रत्येक नोंद झाली की सर्व्हरची थोडी मेमरी अडकून पडे आणि परत येत नसे. थेंबाथेंबाने तीन आठवड्यांत ती सारी संपली. नेहमीच्या चाचण्यांत ही चूक सापडणे कठीणच होते, असेही अहवालाने म्हटले. चाचणी तासा-दोन तासांची असते. गळतीला आठवडे लागतात.

भाचीच्या इस्पितळातही सुरुवात अशीच मुकाट्याने झाली होती. सर्व्हर साधारण पाचव्या दिवशी मंदावे. मग कुणीतरी तो बंद करून चालू करी, की पुन्हा ताजातवाना. हे दोन-चारदा झाल्यावर एका हुशार माणसाने रोज पहाटे तीनला तो आपोआप बंद होऊन चालू व्हावा अशी व्यवस्था करून टाकली. तक्रारी थांबल्या. सहा महिने कुणी विषय काढला नाही.

मग एका रविवारी मधुमेह तपासणीचे मोठे शिबिर झाले आणि सोमवारी सकाळी हजारो लोकांना 'तुमचा रिपोर्ट तयार आहे' असा निरोप एकदमच गेला. सगळ्यांनी एकाच वेळी मोबाइल उघडले. अकराच्या सुमारास सर्व्हर मेला. तासभर कुणाचाच रिपोर्ट दिसेना. शिबिरातल्यांचाच नव्हे, वॉर्डातल्या रुग्णांचाही. एका बाईंना शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते आणि डॉक्टर रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा मागत होते. प्रयोगशाळेतला मुलगा कागद हातात घेऊन तीन मजले धावत गेला. सुदैवाने काही बिघडले नाही. पण भाची म्हणाली, "मामा, तो मुलगा त्या दिवशी रजेवर असता तर?"

त्या रात्री तिने वरिष्ठांशी भांडून दोन गोष्टी मिळवल्या. दोनपैकी एका सर्व्हरचे पहाटेचे बंद-चालू थांबवायचे, आणि त्याची मेमरी दर मिनिटाला नोंदवायची. रोग पाहायचा तर ताप उतरवणारी गोळी आधी थांबवायला हवी, हे तिचे म्हणणे मला पटले.

पुढचे काही दिवस ती मला रोज फोनवर हकीकत सांगे, आणि मला आमच्या ऑडिटचे दिवस आठवत. मेमरी वाढते आहे म्हणजे गळतीच आहे, असे समजायचे नाही, हा पहिला धडा. वारंवार लागणाऱ्या गोष्टी सर्व्हर मुद्दाम जवळ ठेवतो. सुरुवातीचे काही तास त्या साठ्यापायी मेमरी वाढते आणि मग स्थिर होते. संगणकाची मूळ प्रणालीही रिकामी मेमरी फुकट न दवडता डिस्कवरच्या फायली त्यात ठेवते आणि गरज पडताच सोडते. त्यातून केर काढणारी व्यवस्था असली की आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. केर साठतो तशी रेघ चढते, झाडू फिरला की उतरते. "वरची टोकं बघायचीच नाहीत," भाची म्हणाली. "झाडू फिरल्यावर रेघ जिथे टेकते ते तळ बघायचे. तळ जर दर वेळी थोडा थोडा वर येत असेल, तर गळती." यांचे तळ वर येत होते.

दुसरा प्रश्न, ही वाढ कशाबरोबर होते? घड्याळाबरोबर की कामाबरोबर? रात्री दोन ते पाच, लोक झोपलेले असताना, रेघ जवळजवळ सपाट होती. सकाळी आठपासून चढू लागे. म्हणजे गळती माणसांच्या येण्याजाण्याशी बांधलेली होती.

तिसरी पायरी म्हणजे मेमरीचे छायाचित्र. चालत्या सर्व्हरच्या मेमरीत त्या क्षणी काय काय आणि किती आहे, याची संपूर्ण यादी काढता येते. एक यादी सकाळी काढली, एक संध्याकाळी. दोन्ही वेळा आधी झाडू फिरवून. मग दोन याद्या शेजारी मांडून काय वाढले ते पाहिले. आम्ही मागच्या आणि या महिन्याच्या शिलका शेजारी ठेवून पाहत असू, तसेच. या यादीत रुग्णांची नावे आणि रिपोर्टही येतात, म्हणून ती कुणाच्या लॅपटॉपवर न नेता इस्पितळाच्याच कुलूपबंद यंत्रावर तपासली आणि काम झाल्यावर पुसली, हे मला विशेष आवडले.

वाढले होते ते रिपोर्टच. प्रत्येक सुमारे दोन मेगाबाइटचा, असे शेकडो. पाठवून झालेले रिपोर्ट मेमरीत का? त्यांना धरून कोण बसले आहे, हेही यादीवरून उलट चालत जाऊन कळते. धरून बसली होती 'सध्या पाठवणे चालू असलेले रिपोर्ट' अशी एक नोंदवही. पाठवायला सुरुवात झाली की नाव लिहायचे, पाठवून झाले की खोडायचे.

मग त्यांनी चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर एक हजार रिपोर्ट मागवले. नोंदवहीत हजार नावे चढली आणि हजार उतरली. शिल्लक शून्य. दोन दिवस सगळे डोके धरून बसले. प्रोग्राम तर बरोबर होता!

तिसऱ्या दिवशी भाचीने सर्व्हरची रोजनिशी उघडली आणि माणसे प्रत्यक्षात काय करतात ते पाहिले. लोक रिपोर्ट उघडतात, मोबाइलची रेंज जाते. चाक फिरत राहते, कंटाळून पान बंद करतात. पुन्हा उघडतात. पाठवणे अर्ध्यावर तुटले की आज्ञावली चुकीच्या मार्गाने बाहेर पडे, आणि नाव खोडण्याची ओळ होती फक्त सरळ मार्गावर. तिने अर्धवट तुटलेल्या मागण्या मोजल्या. दिवसाला सुमारे तीनशे. नोंदवहीत दिवसाला अडकणारी नावेही तेवढीच. तीनशे गुणिले दोन, म्हणजे रोज सहाशे मेगाबाइट. मोकळी जागा तीन हजार. पाचव्या दिवशी सर्व्हर का मंदावत होता, याचा हिशेब तोंडी झाला. शिबिराच्या सोमवारी गर्दीने सर्व्हर हळू झाला, हळू झाला म्हणून अधिक लोकांनी पान बंद केले, आणि जितके लोक कंटाळले तितका तो आणखी भरला. पाच दिवसांचे काम एका सकाळीच उरकले.

चाचणीच्या सर्व्हरवर मग हजार मागण्या मुद्दाम अर्ध्यावर तोडल्या. शिल्लक, हजार.

मला सदतीस नंबरचे टोकन आठवले. मी भाचीला मास्तरांची गोष्ट सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "अगदी हेच, मामा. पैसे दिले तर टोकन घ्यायचं लिहिलं होतं. चेक परत केला तर घ्यायचं, ते लिहायचं राहिलं." दुरुस्ती दोन ओळींची झाली. पुष्कळ भाषांत यासाठी 'फायनली' असा शब्दच असतो. त्याचा अर्थ, वर काहीही होवो, यश येवो की विघ्न, जाण्यापूर्वी हे केलेच पाहिजे.

हा दोष काही तिच्याच गटाचा नाही. इंटरनेटचा फार मोठा भार वाहणाऱ्या ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात २२ ऑक्टोबर २०१२ला मोठा बिघाड झाला आणि रेडिटसारखी बडी संकेतस्थळे अडली. कंपनीनेच नंतर कारण सांगितले. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला होता, पण त्याचा नवा पत्ता सगळीकडे नीट पोचला नाही. काही यंत्रे जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिली. फसलेल्या प्रयत्नांत थोडी थोडी मेमरी अडकत गेली. सरळ मार्गावर तो दोष कधी दिसलाच नसता. मेमरीवर देखरेख होती, पण त्या यंत्रांची मेमरी एरवीही सतत खालीवर होत असल्याने धोक्याची घंटा वाजली नाही.

गळती शोधण्याची हत्यारेही पुष्कळ निघाली आहेत. 'प्युरिफाय' नावाचे एक गाजलेले हत्यार १९९१मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने काढले. त्या कंपनीचे संस्थापक रीड हेस्टिंग्ज पुढे १९९७मध्ये नेटफ्लिक्सच्या संस्थापकांपैकी एक झाले. आपण घरी बसून सिनेमे पाहतो त्या कंपनीच्या कर्त्याची पहिली कमाई मेमरीची गळती शोधण्यातली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

बंद करून चालू करणे हे पाप आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९५पासून जगभर वापरात असलेल्या 'अपाची' या वेब सर्व्हरमध्ये अशी अधिकृत सोयच आहे. ठरावीक संख्येइतके काम केले की त्या कामगार-प्रक्रियेला निवृत्त करायचे आणि तिच्या जागी ताजी आणायची, म्हणजे चुकून गळती असलीच तर ती हाताबाहेर जाणार नाही. अडचण त्या उपायात नाही. अडचण आहे ती उपाय लागू पडताच आपण कारण शोधणे सोडतो, यात. आमच्याकडे सस्पेन्स खाते असे. ज्या नोंदीचा पत्ता लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. खाते उपयोगीच होते, पण त्यात टाकलेली प्रत्येक नोंद कुणीतरी मागे लागून सोडवायची असते. ती वर्षानुवर्षे तिथेच राहिली तर समजावे की या शाखेत आता कुणी टोकने मोजत नाही.

दुरुस्ती झाल्यावर भाचीने दुसऱ्या सर्व्हरचेही पहाटे तीनचे बंद-चालू काढून टाकायला लावले. वरिष्ठ कुरकुरले, चाललेय ते कशाला बदला, असा त्यांचा सूर होता. तिने आठ दिवस मागितले. मेमरी किती भरली याच्या घंटेबरोबरच, तळ वर येऊ लागला तर वाजणारी दुसरी घंटाही तिने बसवून घेतली. पाचवा दिवस गेला. सहावा गेला. पुढच्या सोमवारी पुन्हा शिबिराचे निरोप सुटले, तेव्हा ती सकाळपासून पडद्यासमोर बसून होती. दुपारी वाट पाहून मीच फोन केला.

"काय झालं गं?"

"साडेचारशे जणांनी अर्ध्यावर सोडलं, मामा," ती म्हणाली. "आता नोंदवहीत शून्य. सगळी टोकनं पेटीत."